ग्रामसभेतील प्रार्थना आणि धर्मनिरपेक्षता : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

विदर्भातील अनेक गावांत सायंकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८) सामुदायिक प्रार्थना होते. सर्व धर्मांच्या माणसांनी एकत्र बसावे, हाच तिचा हेतू. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या ग्रामसभेचा आरंभ प्रार्थनेने व्हावा असे गावकऱ्यांस वाटले, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. परंतु ग्रामसभा ही भजनमंडळी नव्हे. ती कायद्याने निर्माण केलेली संस्था आहे. या दोहोंतील अंतर स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

शासकीय सभेत प्रार्थना करू नये, असे संविधानात शब्दशः कोठेही लिहिलेले नाही. अनुच्छेद २८ शिक्षणसंस्थांपुरता मर्यादित आहे. सभेच्या बाबतीत आधार घ्यावा लागतो तो अनुच्छेद २५ मधील सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा. संविधान सभेपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपाने आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने करण्याची सूचना मांडली. ईश्वरावर मतदान करण्याचा अवघड प्रसंग आणू नये, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरीही मतदान झाले आणि सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. तिसऱ्या अनुसूचीत मात्र ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, असे दोन्ही पर्याय राहिले.

न्यायालयांचा कलही सक्तीच्या विरोधात आहे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून ते न गाणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये अवैध ठरविले. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करते, असा निर्णय दिला.

परंतु शाळेतील सक्ती दिसते. ग्रामसभेतील दिसत नाही. घरकुलाच्या लाभार्थींची यादी जेथे वाचली जाते, तेथे हात न जोडता बसण्याचे धैर्य गरजूने कोठून आणावे? प्रार्थना सर्वधर्मीय आहे, हे उत्तर येथे अपुरे पडते. सर्वधर्मीय प्रार्थनेतही ईश्वर असतोच, आणि तो न मानणारा बौद्ध वा निरीश्वरवादी हाही त्याच सभेचा सदस्य असतो.

केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव व झरी जामणी या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस लोकांच्या परंपरा व चालीरीतींच्या जतनाचा अधिकार दिला आहे. कोलाम पोडावरील ग्रामसभेने आपल्या देवाचे स्मरण केले, तर त्यास केवळ धर्मनिरपेक्षतेच्या नावाने हरकत घेणे उथळपणाचे ठरेल. मात्र तेथेही बाहेरून आलेली प्रार्थना परंपरा म्हणून लादली जात नाही ना, हे पाहावे लागेल.

व्यवहारात एक मार्ग सोपा आहे. ज्यांना प्रार्थना करावयाची आहे त्यांनी ती अध्यक्षांनी सभा सुरू करण्यापूर्वी करावी, इतिवृत्तात तिची नोंद नसावी, आणि हजेरी त्यानंतरच घेतली जावी.