गाव पाहावे मागे राहणाऱ्याच्या डोळ्यांनी

व्यापाऱ्याला निवृत्तीची तारीख नसते. आम्हा बँकेतील मंडळींना साठाव्या वर्षी शाल, श्रीफळ आणि हार देऊन निरोप देतात व दुसऱ्या दिवशी आमच्या खुर्चीवर दुसराच कोणी बसलेला असतो. व्यापारी मात्र गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती सोपवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन आटोपून पुन्हा दुकानाच्या गादीवर येऊन बसतो. तरीही एक प्रश्न आपणा सर्वांच्या दारी केव्हा ना केव्हा येतोच: पुढची वर्षे कोठे काढायची? याच शहरात, याच जिन्यांवर चढउतार करीत, की एखाद्या शांत गावी, जेथे मंदिर पायी गाठता येईल आणि सकाळी स्वाध्यायाला निवांत बसता येईल?

आमच्याही घरी हा प्रश्न गेल्या वर्षी आला. पुण्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. कन्या पुण्यातच दिली आहे, चिरंजीव बंगळूरला नोकरीस आहेत. तेव्हा दोन्ही लेकरांना सोयीचे पडेल असे गाव पुणे-बंगळूर महामार्गाच्या आसपास शोधावे असे ठरले. आपल्या समाजाच्या दृष्टीने हा प्रदेश परका नाही. फलटण, सांगली, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पेठांमधूनच कित्येकांचे आजे-पणजे व्यापारासाठी पुण्या-मुंबईस आले. आपण शोधायला निघतो ते नवे गाव नसते. पुष्कळदा ती परतीची वाट असते.

तक्ता आणि एक प्रश्न

सवयीप्रमाणे मी एक तक्ता तयार केला. डावीकडे पाच गावे: फलटण, सांगली-मिरज, कुंभोज-बाहुबली, कोल्हापूर आणि बेळगाव. वर दहा रकाने: मंदिर, रुग्णालय, पाणी, हवा, घराची किंमत, रेल्वे, बाजार इत्यादी. प्रत्येक रकान्याला दहा गुण. कर्जाचा प्रस्ताव तपासावा तसा तो तक्ता मी आमच्या सौभाग्यवतींपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, तक्ता छान झालाय. पण यात सगळीकडे आपण दोघं आहोत. एकटं कुणीच नाही."

मी निरुत्तर झालो. बँकेत अडतीस वर्षे मी संयुक्त खाती उघडून दिली. त्या अर्जावर एक सूचना असते: पैसे 'दोघांपैकी कोणीही एक, किंवा जो हयात राहील तो' यास द्यावेत. ही ओळ मी हजारो वेळा वाचून दाखविली असेल. पण स्वतःच्या उतारवयाचा आराखडा करताना तीच विसरलो. पती-पत्नी एकाच दिवशी जात नाहीत. आज आपण दोघे मिळून जे गाव निवडतो, तेथे शेवटची काही वर्षे एकालाच काढायची असतात.

माझ्या परिचयातील एका व्यापारी गृहस्थांनी हिवाळ्यातील दोन दिवसांच्या मुक्कामात एका गावाबाहेर बंगला पसंत केला. मोकळी हवा, अंगणात आंब्याची झाडे, समोर डोंगर. मंदिर चार किलोमीटरवर. पण गाडी होती, चालविणारे तेच होते. तीन वर्षांनी ते गेले. वहिनींना गाडी येत नव्हती आणि त्या रस्त्याला रिक्षा फिरकत नव्हती. रोज अभिषेकाला उभ्या राहणाऱ्या त्या बाई पुढे फक्त अष्टमी-चतुर्दशीला, कोणी नेईल तेव्हा, मंदिरात दिसू लागल्या. वर्षभरात बंगला पडेल त्या भावाने विकावा लागला. बंगल्यात खोट नव्हती; तो दोघांसाठी घेतला होता, एकीसाठी नव्हे.

त्या दिवशी मी तक्त्यातील दहा रकाने खोडले आणि वर एकच मथळा लिहिला: 'एकट्याने जमेल काय?'

प्रवासाचा काळ आणि मार्ग

प्रवास चातुर्मासात करावयाचा नाही, हे प्रथम ठरले. विहाराच्या मर्यादेचे औचित्य तर आहेच. पण व्यावहारिक कारणही आहे. मुनिसंघ विराजमान असताना कोणतेही गाव धर्मनगरीच भासते. प्रवचनाला मंडप भरलेला, घरोघरी चौके लागलेले, परगावच्या श्रावकांची वर्दळ. संघाचा विहार झाल्यावर साध्या मंगळवारी सकाळच्या अभिषेकाला पाच माणसे असतात की पंचवीस, यावरून त्या गावाचे बारमाही रूप कळते. म्हणून कार्तिकी अष्टाह्निका पर्व संपल्यानंतर निघायचे आणि जे गाव पसंतीस उतरेल तेथे मे महिन्यात व भर पावसात पुन्हा एकेकदा जायचे, असा बेत आहे.

संपूर्ण फेरी सुमारे ९०० किलोमीटरची होईल. दिवसाला २०० किलोमीटरहून अधिक नाही, आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम. रात्रिभोजनत्यागाचा नियम येथे वाहनचालकाच्याही कामी येतो. कार्तिकानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात उसाचा हंगाम सुरू होतो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागे दिवा नसताना अंधारात रस्त्याने चाललेल्या असतात. साठी उलटलेल्या डोळ्यांनी त्या वेळी गाडी हाकू नये, हेच बरे.

पहिला टप्पा सासवड, जेजुरी, लोणंदमार्गे फलटण. आपल्या समाजाची जुनी वस्ती, मंदिरे वस्तीतच, पुणे सुमारे ११० किलोमीटरवर. परंतु प्रदेश पर्जन्यछायेचा, उन्हाळा कडक. मोठ्या दुखण्यासाठी बारामती, सातारा की पुणे गाठावे लागते, हे तेथील चार वृद्धांना विचारायचे.

तेथून सातारा-कऱ्हाडमार्गे सांगली-मिरज. मिरजेची वैद्यकीय परंपरा जुनी आहे. येथील मिशन रुग्णालय १८९४ सालचे. मिरज हे मोठे रेल्वे जंक्शन असल्याने पुणे, कोल्हापूर, बेळगाव या तिन्ही दिशांना गाडी बदलल्याविना जाता येते. ज्याला गाडी चालविता येत नाही त्याच्या दृष्टीने ही मोठीच जमेची बाजू. मात्र कृष्णामाईचा विसर पडता कामा नये. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी सांगलीत पूर शिरला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पूरप्रवण गावात घर पाहताना निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तपासावी. निळी रेषा सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दलालाला विचारू नये, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवरील खूण दाखवील.

सांगलीहून कुंभोज-बाहुबली. १९३४ साली समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने येथे आश्रम उभा राहिला, आणि १९६३ पासून भगवान बाहुबलींची २८ फुटी संगमरवरी मूर्ती येथे विराजमान आहे. धर्मसाधनेला याहून उत्तम स्थान कोणते? तरीही मन घट्ट करून पाहायचे आहे. टेकडीवरील दर्शनाला पायऱ्या आहेत, आणि आमच्या चारही गुडघ्यांचे वय वाढतेच आहे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर हाकेला कोण येईल? तीर्थक्षेत्रावर वर्षातून एक महिना राहणे आणि तेथे कायमचे घर करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पुढे कोल्हापूर. लक्ष्मीसेन मठ, मोठी रुग्णालये, भरलेली बाजारपेठ. पण पंचगंगेच्या पुराचा प्रश्न येथेही आहे, आणि शहर म्हटले की गर्दी आलीच. मग निपाणीजवळ स्तवनिधीला दर्शन. याच क्षेत्री १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. अखेरीस बेळगाव. किल्ल्यातील कमल बस्ती इ. स. १२०४ ची, हवा थंड, बंगळूर जवळ. पण सरकारी कागद कन्नडमध्ये. शिवाय महाराष्ट्राच्या एस. टी. त महिलांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच. ज्या सौभाग्यवतींना कन्नड वाचता येत नाही त्यांनी एकटीने तेथील कार्यालयात कोणता अर्ज कसा भरायचा, हा प्रश्न तक्त्यात सर्वांत वर लिहिला आहे.

दोन दिवस, दोन परीक्षा

प्रत्येक गावी तीन रात्री मुक्काम करायचा आणि गाडी धर्मशाळेच्या आवारात लावून ठेवायची. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून गाव पाहायचे. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी एकटीने बाहेर पडायचे: पायी मंदिर, भाजीबाजार, औषधांचे दुकान, बँक, आणि एखाद्या डॉक्टरांकडे रक्तदाब तपासणी. काठी घेऊन चालता येईल असा पदपथ आहे काय, रिक्षावाला जवळच्या अंतराला नाही म्हणतो काय, बँकेतील कर्मचारी वृद्ध स्त्रीशी कोणत्या स्वरात बोलतो, हे सारे त्यांनी वहीत टिपायचे. मी सोबत जायचे नाही, फोनही करायचा नाही.

तिसऱ्या दिवशी परीक्षा माझी. मागे राहणारा मीही असू शकतो, हे त्यांनी हसत हसत पण स्पष्टपणे सुनावले. त्या दिवशी पाणी गाळणे, उकळणे, भाजी निवडणे, सूर्यास्ताआधी स्वयंपाक करून जेवणे आणि भांडी घासणे, हे सारे मी करायचे. गेल्या महिन्यापासून घरी सराव चालू आहे. वरणाला तूरडाळ लागते हे मला माहीत होते. पण डब्यात शेजारी ठेवलेली हरभराडाळ कोणती, हे साठी उलटल्यावर शिकलो. गावात शुद्ध, कांदा-लसूण-विरहित भोजन देणारी भोजनशाळा वा घरगुती डबा आहे काय, हा रकाना मी माझ्या स्वार्थासाठी मोठ्या अक्षरात लिहिला आहे.

धनादेश-पुस्तिका घरीच

या प्रवासात धनादेश-पुस्तिका बरोबर न्यायची नाही, हा आमचा पक्का ठराव आहे. रम्य सायंकाळी दिलेला इसार सकाळी परत मागता येत नाही. गाव पसंत पडले तरी प्रथम अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने राहावे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा. मगच खरेदीचा विचार.

व्यापारी बंधूंना, बँकेच्या मेजाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेल्या अनुभवावरून, तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली: सारी पुंजी विटांत घालू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर प्रत्येकाच्या नावे ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीस मिळते. घराला पाझर नसतो, ठेवीला असतो. दुसरी: घर दोघांच्या नावे असावे, खाती संयुक्त असावीत, नामांकन पूर्ण असावे, आणि कोणता कागद कोठे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे. तिसरी, आणि सर्वांत अवघड: निवृत्तीचे घर मुलाच्या दुकानाच्या कॅश क्रेडिटला तारण देऊ नये. मुलगा सद्गुणी असतो, धंदाही चांगला असतो. मंदी मात्र कोणाचे गुण पाहून येत नाही. तारण घराच्या दारावर जप्तीची सूचना लावताना आतून पाणी आणून देणारी वृद्ध माउली मी पाहिली आहे. ते पाणी मला आजही गिळवत नाही.

आपल्या घरचाच नियम

श्रावकाच्या बारा व्रतांत एक दिग्व्रत आहे. दशदिशांना मर्यादा घालून घ्यायची, तिच्या बाहेर जायचे नाही. तरुणपणी हे व्रत मला व्यापाऱ्याच्या पायातील बेडी वाटे. आता नकाशा समोर पसरून बसलो की त्याचा अर्थ उलगडतो. उतारवयात शरीर आपणहून दिशा आखडत नेते: आधी परगाव सुटते, मग बाजार, मग जिना. मर्यादा पडणारच आहे. ती कोणत्या जागेभोवती पडावी, एवढेच आपल्या हाती आहे. त्या लहान होत जाणाऱ्या वर्तुळात मंदिर असावे, वैद्य असावा, हाकेला ओ देणारा शेजारी असावा. एवढे असले की त्यापलीकडचे अंगण, आंबे आणि डोंगर हा परिग्रहच.

पौर्णिमेनंतर आम्ही निघू. तक्त्याची एक प्रत कन्येकडे, एक चिरंजीवांकडे दिली आहे. परवा सौभाग्यवतींनी तक्त्याखाली पेन्सिलीने एक सहावे नाव लिहिले: 'पुणे, तळमजला.' त्यालाही त्याच कसोटीवर गुण द्यायचे आहेत. कोणास ठाऊक, ९०० किलोमीटर फिरून आम्ही तीन जिने खाली येऊ. तरीही तो प्रवास वाया गेला असे मी म्हणणार नाही.

जय जिनेंद्र!