खोडलेली हिरवी रेघ

नववीच्या वर्गात मी बुटांची सहा रिकामी खोकी, जुन्या सीडी आणि काळी चिकटपट्टी घेऊन गेले होते. पुण्यात विद्यापीठात मी प्रकाशावर पीएच.डी. करते. महिन्यातला एक शनिवार जुन्नर तालुक्यातल्या शाळांसाठी राखून ठेवते.

खोकं तयार करायला अर्धा तास पुरतो. एका बाजूला बारीक फट पाडायची, समोरच्या टोकाला सीडी तिरपी बसवायची, वर डोळा लावायला भोक. सीडीवरच्या ओळी एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात; आपल्या एका केसाच्या जाडीत तशा चाळीसेक मावतील. इतक्या दाट ओळींवरून परतताना प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो आणि उजेडाची घडी उलगडते. खोकं सूर्याकडे रोखायचं नाही, हे मी दरडावून सांगते. काय दिसेल ते मात्र सांगत नाही. दिसेल ते रंगीत पेन्सिलींनी काढा, एवढंच. पहिल्या वर्षी मी सगळं आधी फळ्यावर काढून दाखवायचे आणि मुलांना तेच दिसायचं, जे मी काढलेलं असे.

त्या दिवशी छताला जुनी ट्यूबलाइट होती. शेवटच्या बाकावरच्या मुलीने वहीत एक ठसठशीत हिरवी रेघ काढली, शेजारी निळी-जांभळी. मग खोडरबर घेऊन दोन्ही पुसल्या आणि इंद्रधनुष्य काढलं, एकसंध, सात रंगांचं.

"रेघा का खोडल्यास?"

"ताई, पुस्तकात तसं नाहीये."

मला फार वाईट वाटलं. तिने बरोबर पाहिलं होतं, आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायला ती कचरली. मी पिवळा बल्ब लावून दिला. त्यात रंग सलग दिसले. ट्यूबकडे खोकं वळवलं की रेघा परत. "मग ट्यूबमध्ये आहे काय?" तिने विचारलं, आणि तेव्हा कुठे मी बोलायला लागले. आत पाऱ्याची वाफ असते. बल्बमधली तापलेली तार सगळेच रंग देते, पण पाऱ्याचे अणू मोजकेच रंग सोडतात. त्या दोन रेघा त्यांच्या. मागचे अंधूक रंग काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीचे. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली उजेडावर जे काम केलं, त्यातही पाऱ्याचा दिवा होता, हे ऐकून ती छताकडे बघत राहिली.

आधी उत्तर न सांगता मुलांना स्वतः बघू देणं मी ज्यांच्याकडून शिकले, ते अरविंद गुप्ता. आमच्याच विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबा, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी बनवली. खेळणं मोडून बघायची मुभा मुलांना असलीच पाहिजे, असं ते मानतात. महागडी उपकरणं शाळेत कपाटात कुलूपबंद असतात. बुटाचं खोकं कुणी कुलपात ठेवत नाही.

मधल्या सुट्टीत ती मुलगी खोकं घेऊन कुठेशी गायब झाली. परतली ती धापा टाकत.

"ताई, ऑफिसातल्या नव्या एलईडीत रेघा नाहीतच! निळा नुसता जास्त आहे."

वही तिच्या हातात होती. तिने या वेळी काहीही खोडलं नव्हतं.