रोमची कादंबरी, नेवाशाचं खापर

प्राचीन रोमवरची कादंबरी तपासायला नगरच्या वाचकाला घराजवळच पुरावा आहे. प्रवरेकाठी नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर १९५४ ते १९५६ दरम्यान डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं. सातवाहनकालीन थरात रोमन अँफोरांची खापरं निघाली. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा कुंभ. त्यातून मद्य आणि तेल जहाजानं येई.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भरुच बंदरावर इटलीच्या मद्याला पहिली पसंती असल्याची नोंद आहे. पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांतून, आडवाटेनं तिथं पोचत. रोमला मिरीचं वेड होतं. रोमन लेखक प्लिनी काळ्या मिरीचा भाव पौंडाला ४ दिनार देतो. तेव्हा कथेतल्या रोमन शेठजीच्या ताटात मिरी शोभते. टोमॅटो किंवा लाल मिरची दिसली, तर परीक्षकानं तिथंच पेन्सिल उचलावी. दोन्ही अमेरिकेतून, कितीतरी शतकांनी आली. स्वाराचा पाय रिकिबीत असेल तरी तेच. रोमन घोडेस्वारांकडे रिकीब नव्हतीच.

अशा चुका पकडणं सोपं. खरी मेख रॉबर्ट ग्रेव्हजच्या ‘आय, क्लॉडियस’ (१९३४) सारख्या पुस्तकात असते. सम्राज्ञी लिव्हियाबद्दल रोमन इतिहासकार टॅसिटस संशयाचं बोट दाखवून थांबतो, तर ग्रेव्हज तिला सरळ विष घालणारी ठरवतो. कादंबरीकाराला ती मुभा आहे. मात्र मूळ कुजबूज कुठली आणि रचलेला भाग कुठला, हे परीक्षणात यायला हवं.