खानदेशातील श्रमिक संघटन व मतदार-जागृती

गिरण्या, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने, रेल्वे, बाजारपेठा आणि शेती यांत राबणाऱ्या श्रमिकांनी आपल्या हितरक्षणासाठी उभारलेल्या संघटना, त्यांना मिळालेला लोकांचा आधार आणि त्यांतून झालेले मतदारांचे राजकीय शिक्षण यांचा प्रस्तुत नोंदीत विचार केला आहे. खानदेश म्हणजे तापी खोऱ्यातील आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे होत. या तिन्ही प्रवाहांची गाठ प्रथम ठळकपणे पडली ती जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूर येथे, १९३६ च्या डिसेंबरात भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात. तेथे शेतकरी, शेतमजूर आणि कामगार या तिघांनाही आश्वासने मिळाली. परंतु ती सारख्याच वेगाने फलद्रूप झाली नाहीत. असे का झाले, याचा शोध घेतल्यास संघटना आणि मतदान यांच्या परस्परसंबंधांवर बराच प्रकाश पडतो.

पार्श्वभूमी : खानदेशची काळी जमीन कापसाला अनुकूल. रेल्वेमार्ग झाल्यावर येथील कापूस मुंबईच्या बाजारात जाऊ लागला आणि ठिकठिकाणी जिन व प्रेस उभे राहिले. जळगाव येथे एकोणिसाव्या शतकातच कापडगिरणी निघाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमळनेर, धुळे व चाळीसगाव येथेही गिरण्या चालू झाल्या. अमळनेरची गिरणी प्रताप शेठ यांच्या नावाने ओळखली जाई. भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र बनले. यामुळे या प्रदेशात श्रमिकांचे तीन ठळक वर्ग निर्माण झाले. बारमाही काम असलेला गिरणी व रेल्वे कामगार हा पहिला. कापसाच्या हंगामापुरता जिनमध्ये येणारा मजूर हा दुसरा. आणि शेतावर रोजंदारीने किंवा सालाने बांधलेला शेतमजूर, म्हणजेच सालदार, हा तिसरा वर्ग होय.

संघटना उभारण्याची सोय या तिघांना सारखी नव्हती. गिरणी-कामगार एकाच दरवाजातून आत-बाहेर करतो आणि बहुधा एकाच वस्तीत राहतो. त्यामुळे दरवाजावरील सभा, वस्तीतील बैठक, खात्याखात्यांतून निवडलेले प्रतिनिधी आणि दरमहाची वर्गणी ही साधने त्याच्या बाबतीत सहज वापरता येतात. जिनमधील मजूर हंगाम संपताच पांगतो. सालदार तर मालकाच्या वाड्याला वा शेताला जखडलेला असतो. उचल घेतलेली असल्याने तो काम सोडू शकत नाही आणि त्याचा सोबती दुसऱ्या शेतावर असल्याने दोघांची गाठही क्वचितच पडते. संघटनेची गरज ज्याला सर्वांत अधिक, त्यालाच ती उभारणे सर्वांत कठीण, अशी ही स्थिती होती.

फैजपूर अधिवेशन : काँग्रेसचे अधिवेशन शहराऐवजी ग्रामीण भागात भरावे, असा म. गांधींचा आग्रह होता. त्यानुसार पन्नासावे अधिवेशन फैजपूरला घेण्याचे ठरले. ग्रामीण भागात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. पं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते. अधिवेशन फैजपूरला आणण्यात व ते पार पाडण्यात खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांचा वाटा मोठा होता. अधिवेशनासाठी उभारलेल्या नगरास ‘टिळकनगर’ हे नाव देण्यात आले. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली.

या सिद्धतेचे महत्त्व केवळ सोहळ्यापुरते नव्हते. नगर उभारण्यासाठी गावोगावचे स्वयंसेवक एकत्र आले. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून शिक्षक असलेले आणि १९३० साली नोकरी सोडून स्वातंत्र्य-चळवळीत उतरलेले साने गुरुजी यांनी अधिवेशनासाठी खेड्यापाड्यांतून प्रचार केला. आठवडे बाजार, प्रभातफेऱ्या, भजने आणि कीर्तने ही खेड्याला परिचित असलेली माध्यमे राजकीय विचारांची वाहने बनली. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग होता.

याच वेळी फैजपूरला अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशन एन्. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यासाठी सु. ५०० किसान मनमाडहून पायी निघाले आणि वाटेतील गावांना आपल्या मागण्या समजावून देत फैजपूरला पोहोचले. त्यांच्या स्वागतास नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, श्री. अ. डांगे, युसुफ मेहेरअली प्रभृती नेते उपस्थित होते. परस्परांशी तीव्र मतभेद असलेली ही मंडळी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर एकत्र आली, ही गोष्ट त्या काळातील वातावरणाची निदर्शक आहे.

कृषिविषयक कार्यक्रम : अधिवेशनाने संमत केलेल्या कृषिविषयक कार्यक्रमात सारा व खंड यांत कपात, न परवडणाऱ्या धारणक्षेत्रांना सूट, कर्जफेडीस तहकुबी व कर्जाचा भार हलका करणे, वेठबिगार व सरंजामी स्वरूपाच्या पट्ट्या यांचे उच्चाटन, सहकारी शेतीस उत्तेजन इ. कलमांचा समावेश होता. शेतमजुरांना निर्वाहापुरते वेतन व कामाची योग्य परिस्थिती यांची कायद्याने हमी द्यावी आणि शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता मिळावी, ही दोन कलमे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होत. याशिवाय काँग्रेसच्या १९३६ च्या निवडणूक-जाहीरनाम्यात कामगारांचा संघटना स्थापण्याचा व हितरक्षणार्थ संप करण्याचा हक्क मान्य केलेला होता. अशा रीतीने कर्जबाजारी शेतकरी, भूमिहीन मजूर आणि गिरणी-कामगार या तिघांची गाऱ्हाणी एका राजकीय पक्षाच्या वचनात समाविष्ट झाली.

१९३७ ची निवडणूक : १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्यानुसार प्रांतिक विधिमंडळांच्या निवडणुका १९३७ च्या प्रारंभी झाल्या. मताधिकार पूर्वीपेक्षा विस्तृत असला, तरी तो जमीनमहसूल, घरभाडे, शिक्षण इ. पात्रतांवर आधारलेला होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील सु. १४ टक्के लोकांनाच तो मिळाला होता. साहजिकच सारा भरणारा शेतकरी मतदार झाला, तर त्याच्या शेतावर राबणारा मजूर बहुधा मतदार-यादीबाहेर राहिला. मुंबई प्रांताच्या विधानसभेतील १७५ जागांपैकी काही जागा कामगारांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. शेतमजुरांसाठी अशी तरतूद नव्हती.

मुंबई प्रांतात अनेक मतदारसंघ बहुसदस्यीय होते. मतदारास निवडावयाच्या सदस्यांइतकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. त्यामुळे ‘कोणाला मत द्यावे’ याबरोबरच ‘मते कशी वाटावीत’ हेही मतदारास शिकवावे लागे. लहान पक्षांना या पद्धतीचा फायदा घेता आला. मात्र त्यासाठी शिस्तबद्ध प्रचार आवश्यक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने याचे प्रत्यंतर आणून दिले. त्याच्या निवडून आलेल्या सदस्यांत पूर्व खानदेशातील दौलत गुलाजी जाधव यांचा समावेश होता. काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या आणि जुलै १९३७ मध्ये बा. गं. खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले.

वचनांची कसोटी : मताधिकार असलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांपैकी काहींची पूर्तता तुलनेने लवकर झाली. कुळांना संरक्षण देणारा आणि शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा असे दोन कायदे मुंबई प्रांतात १९३९ मध्ये संमत झाले. त्यांची अंमलबजावणी मर्यादित राहिली, तरी कायदे झाले हे खरे. कामगारांचा अनुभव संमिश्र होता. कापडगिरण्यांतील वेतनाच्या चौकशीसाठी १९३७ मध्ये समिती नेमली गेली. परंतु १९३८ च्या औद्योगिक कलहविषयक कायद्याने समेटाची प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर व शिक्षापात्र ठरविला. तडजोडीला प्रथम संधी मिळावी, अशी सरकारची भूमिका होती. तर संपाचा हक्क जाहीरनाम्यात मान्य करून तो कायद्याने आखडणे ही वचनभंगाची कृती होय, असे विरोधकांचे म्हणणे होते. या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट कामगार संघटना यांनी एक दिवसाचा संप घडवून आणला. निवडणुकीत साहाय्य केलेल्या पक्षाच्या सरकारलाही जाब विचारावा लागतो, हा धडा कामगार चळवळीस यातून मिळाला.

खानदेशात याच वर्षी साने गुरुजींनी अमळनेरहून काँग्रेस हे साप्ताहिक सुरू केले. शेतकरी व कामगार यांची दुःखे त्यातून मांडली जात. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा कायदा मात्र या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत झाला नाही. मताधिकाराचा अभाव हे त्याचे एकमेव कारण नव्हते. त्या वचनाचा दररोज पाठपुरावा करणारी शेतमजुरांची स्वतःची संघटनाच अस्तित्वात नव्हती, हे कारणही तितकेच महत्त्वाचे होते.

स्वातंत्र्योत्तर काळ : किमान वेतन अधिनियम १९४८ मध्ये झाला व त्याच्या कक्षेत शेतीचाही समावेश करण्यात आला. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रौढ मताधिकारामुळे सालदाराचे मत आणि त्याच्या मालकाचे मत यांचे मोल समान झाले. तथापि मत मिळाल्याने मजुरी आपोआप वाढली नाही. मजुराने कोणाला मत द्यावे हे बहुधा ज्याच्याकडून उचल घेतली तोच ठरवी. यावरून मताधिकार ही श्रमिकांच्या मुक्तीची आवश्यक अट असली, तरी पुरेशी अट नव्हे, असे दिसून येते.

ही उणीव भरून काढण्याचा ठळक प्रयत्न तत्कालीन धुळे जिल्ह्यातील व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहादे तालुक्यात झाला. तेथील आदिवासींच्या पुष्कळशा जमिनी कर्ज व फसवणूक यांमुळे इतरांच्या हाती गेल्या होत्या आणि मूळ मालक त्याच जमिनीवर सालदार बनले होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला आणि हा प्रश्न राज्यभर गाजला. सर्वोदयी विचारांचे भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९७२ रोजी शहादे येथे भू-मुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उदयास आली. बाहेरून आलेले सुशिक्षित तरुण आणि स्थानिक आदिवासी कार्यकर्ते यांनी मिळून ती बांधली. सालदारांच्या वेतनात वाढ, गमावलेल्या जमिनींची परतफेड आणि दुष्काळी कामांवर रोजगार या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. स्त्रियांनी शिबिरांतून एकत्र येऊन दारूगुत्त्यांविरुद्ध मोहीम उघडली, हे या चळवळीचे एक वैशिष्ट्य होय. १९७४ मध्ये अंबरसिंग यांचे निधन झाले. अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्यासंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा याच दशकात झाला. रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. हे कायदे एकट्या शहाद्याच्या चळवळीचे फलित नसले, तरी असे कायदे कागदावरच राहू नयेत यासाठी गावपातळीवरील संघटना किती आवश्यक असते, हे तिने दाखवून दिले.

कायद्याची चौकट : कामगार संघटनेस कायदेशीर अस्तित्व प्रथम १९२६ च्या अधिनियमाने मिळाले. नोंदणीसाठी किमान सात सभासदांचा अर्ज पुरेसा मानण्यात आला. २००१ मध्ये त्यास एकूण कामगारांच्या प्रमाणाची जोड देण्यात आली. संघटना व निवडणूक यांचा संबंध या कायद्याने सूज्ञपणे आखला. संघटनेच्या सर्वसाधारण निधीतून राजकीय खर्च करता येत नसे. त्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा लागे व त्यास वर्गणी देणे ऐच्छिक असे. वर्गणी न देणाऱ्या सभासदास संघटनेच्या लाभांपासून वंचित ठेवता येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने (२०२०) या अधिनियमाची जागा घेतली. तीतही स्वतंत्र व ऐच्छिक निधीचे तत्त्व कायम राखले आहे. संघटना सभासदांना राजकीय प्रश्न समजावून देऊ शकते; त्यांच्या मताची मालकी मात्र तिच्याकडे जात नाही, हे या तरतुदींचे मर्म होय.

मतदानाच्या बाबतीतही श्रमिकांना काही संरक्षणे आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९९६ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार मतदानाच्या दिवशी कामगारास भरपगारी सुटी मिळते व रोजंदारीवरील मजुराचाही तीत समावेश होतो. मात्र ऊसतोडीसाठी किंवा अन्य कामासाठी हंगामात गाव सोडणाऱ्या मजुराचे नाव एका गावी व वास्तव्य दुसऱ्या गावी असते. एका दिवसाच्या सुटीत त्याला मतदानास परत येता येतेच असे नाही. मतदार-यादीतील नावांची तपासणी, मजुरांच्या टोळीच्या परतीची व्यवस्था आणि मतदानाच्या गुप्ततेविषयी खात्री पटविणे ही कामे अशा वेळी श्रमिक संघटना व गावातील मंडळेच प्रभावीपणे करू शकतात.

मूल्यमापन : फैजपूरच्या कार्यक्रमातील वचने पुढे ज्या क्रमाने फलद्रूप झाली, तो क्रम उद्बोधक आहे. ज्यांच्याजवळ मत होते, त्यांच्यासाठी कायदे आधी झाले. ज्यांच्याजवळ संघटना होती, त्यांना निदान प्रतिकार तरी करता आला. ज्यांच्याजवळ दोन्ही नव्हते, त्या शेतमजुरांच्या निर्वाह-वेतनाचे कलम दीर्घकाळ कागदावरच राहिले. प्रौढ मताधिकाराने त्यांची एक उणीव दूर केली. दुसरी त्यांना स्वतःच दूर करावी लागली. निवडणूक ठरावीक वर्षांनी येते, मजुरीचा प्रश्न मात्र रोज सायंकाळी उभा राहतो. या दोहोंमधील अंतर वर्गणी, बैठक आणि परस्परविश्वास यांवर उभ्या असलेल्या स्थानिक संघटनेशिवाय भरून निघत नाही, हा खानदेशच्या अनुभवाचा निष्कर्ष म्हणता येईल.