सामना सुटल्यावरचा बाजार : कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमची वाट

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा. पण त्याच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास खेळाडूंचा नसतो, तो रस्त्याचा असतो. साठ हजार माणसे कोणत्या बाजूने येतात, बसमधून कुठे उतरतात, किती अंतर पायी चालतात आणि परतताना कुठे खोळंबतात, यावर कितीतरी घरांची चूल पेटते. व्यापाराच्या पानावर फुटबॉल कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, जिथे माणूस चालतो तिथे गिऱ्हाईक असते. आणि जिथे तो चेंगरतो तिथे ना गिऱ्हाईक उरते ना धंदा.

मटियाबुर्जच्या हाटात मुलांचे तयार कपडे घेण्यासाठी आपल्याकडचे अनेक व्यापारी कलकत्त्याला जातात. आम्हीही २०२३ च्या हिवाळ्यात अशाच कामासाठी गेलो होतो. माल बांधून झाला, गाडीला एक दिवस अवकाश होता, म्हणून संध्याकाळी सॉल्ट लेकला सामना पाहायला निघालो. खरे सांगायचे तर सामन्यातले फारसे आठवत नाही. आठवते ती बाहेरची गर्दी, आणि त्या गर्दीवर पोट असणारी माणसे.

या स्टेडियमची कथा थोडी मागून सांगावी लागेल. पूर्वी कलकत्त्याचा फुटबॉल म्हणजे मैदान. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहामेडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांची मैदाने शहराच्या मध्यभागी, धर्मतल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कचेरी सुटली की कारकून पायी मैदानात. हावड्याकडचा माणूस लाँचने हुगळी ओलांडून घाटावर उतरायचा आणि पुढे चालत यायचा. ट्राम होती, बस होती. सामना सुटला की गर्दी दहा दिशांना पांगायची आणि धर्मतल्याच्या खानावळी भरायच्या. (याच मोहामेडन स्पोर्टिंगने १९४० मध्ये मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला होता, हे आमच्या जुन्या वाचकांच्या घरी अजून सांगितले जात असेल.)

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात दंगा होऊन चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मरण पावले. पुढे १९८४ मध्ये शहराच्या पूर्वेला, बायपास रस्त्याच्या कडेला सॉल्ट लेक स्टेडियम सुरू झाले. जागा भरपूर, बैठका प्रचंड. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपान्त्य सामन्याला तिथे १,३१,७८१ प्रेक्षक हजर असल्याची नोंद आहे. एका सामन्याला मध्यम आकाराचे अख्खे शहर लोटले म्हणा ना! पण मैदानात जो माणूस पायी जात होता, त्याला आता वाहन लागू लागले. बिधाननगर रोड हे उपनगरी स्टेशन तिथून पायी अर्ध्या-पाऊण तासावर. बाकी सारी मदार बस, ऑटो आणि ट्रकवर.

गंमत अशी की देशातली पहिली मेट्रोदेखील त्याच १९८४ साली, त्याच शहरात धावली. पण स्टेडियमची आणि मेट्रोची गाठ पडायला ३६ वर्षे जावी लागली. १३ फेब्रुवारी २०२० रोजी सेक्टर पाच ते सॉल्ट लेक स्टेडियम असा मार्ग सुरू झाला, तिकीट पाच रुपयांपासून. २०२२ च्या जुलैत तो सियालदहपर्यंत पोहोचला. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पोटातून हावडा मैदान ते एस्प्लनेड हा तुकडा सुरू झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला मधला दुवा जुळला. हावड्याला रेल्वेने उतरलेला माणूस आता गाडी न बदलता स्टेडियमच्या दारात जातो. या दुव्याची किंमत मात्र बहूबाजारने मोजली. ऑगस्ट २०१९ मध्ये बोगदा खणताना जमिनीखालचे पाणी फुटले, घरांना तडे गेले, काही कोसळली, कित्येक कुटुंबांना रातोरात बाहेर पडावे लागले. हा भाग सोनारांच्या पेढ्यांचा आणि कारागिरांचा. वाहतुकीची सोय एकाची होते तेव्हा धंदा दुसऱ्याचा मोडतो, हे योजना आखणाऱ्यांनी विसरू नये.

आता थोडा हिशेब करू. या मार्गावरच्या एका गाडीत दाटीवाटीने सुमारे दोन हजार माणसे मावतात. साठ हजार प्रेक्षकांपैकी निम्मे मेट्रोकडे वळले तर तीस हजार, म्हणजे पंधरा गाड्या. दहा मिनिटांना एक गाडी धरली तर एका दिशेला तासाला सहाच होतात. बहुतेकांना जायचे असते सियालदह-हावड्याकडेच. म्हणजे अडीच तास! जादा गाड्या सोडल्या, अंतर पाच मिनिटांवर आणले, तरी सव्वा तास. तोवर ही माणसे उभी कुठे राहणार? हे स्टेशन उंचावर आहे. जिन्यावर आणि फलाटावर उभी राहिली तर धोका, खाली रस्त्यावर राहिली तर नुसता खोळंबा. शहाणपण दुसऱ्यातच आहे.

जिन्याचा धडा जगाने महागात घेतला. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियममध्ये सामना सुटल्यावर एका जिन्यावर ६६ माणसे चेंगरून मेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ आणि जिन्यावरून ६६ माणसे, असे माप धरले आहे. साठ हजार माणसे अर्ध्या तासात बाहेर काढायची तर मिनिटाला दोन हजार. म्हणजे सगळ्या दारांची मिळून जवळपास २५ मीटर रुंदी मोकळी हवी. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. मध्ये मोटारसायकली लावल्या, लोखंडी कठडा आडवा टाकला किंवा शेंगदाण्याची गाडी उभी केली की माप कोलमडले. आपल्या मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जीव गेले, तिथे कोणताही सामना नव्हता. पाऊस होता आणि एक अरुंद जिना होता.

लंडनच्या वेम्बलीत हे काम वाटेवरच केले जाते. स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत रुंद, सरळ पायवाट आहे. १९४८ च्या ऑलिंपिकच्या वेळी ती तयार झाली. सामना सुटल्यावर सगळ्यांना एकदम स्टेशनात सोडत नाहीत. वाटेवरच टप्प्याटप्प्याने थांबवतात आणि फलाट रिकामा होईल तसे पुढे जाऊ देतात. नवे स्टेडियम बांधताना स्टेशनही वाढवले, तासाला ३७,५०० प्रवासी हाताळता येतील एवढे. म्हणजे त्यांनी स्टेडियम आणि स्टेशन हे एकच काम मानले.

थांबलेल्या गर्दीतच खरा धंदा आहे. त्या रात्री सॉल्ट लेकबाहेर एक जर्सी विकणारा भेटला. त्याचा अनुभव ऐकण्याजोगा होता. पूर्वी लोक बसमधून चहूकडे उतरत, त्यामुळे त्याला दोन-तीन ठिकाणी पोरे उभी करावी लागत. मेट्रो आल्यापासून मोठा लोंढा एकाच बाजूने येतो, म्हणून तो एकटाच पुरतो; पण त्या बाजूच्या जागेसाठी मारामारी. सामन्याआधी दोन्ही संघांचा माल खपतो. नंतर फक्त जिंकणाऱ्याचा, हरणाऱ्याचा रंग मुकाट गाठोड्यात जातो. झालमुडीवाल्याचे उलट. त्याला कोण जिंकले याच्याशी कर्तव्य नाही, लोक किती वेळ खोळंबले याच्याशी आहे. ऑटोवाल्यांची मात्र तक्रार होती की मेट्रोने त्यांचे लांबचे भाडे नेले, आता शेवटची गाडी चुकलेलाच तेवढा त्यांच्याकडे येतो. आम्हीही त्यातलेच निघालो. ऑटोने सांगितलेले भाडे ऐकून निमूट चालू लागलो आणि वाटेत दोनदा चहा घेतला. तेव्हा तेही उत्पन्न रस्त्यालाच मिळाले.

हे सारे इतक्या लांबून सांगण्याचे कारण आपल्या दारात आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, त्यातला एक उपान्त्य सामनाही तिथेच. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी गोरेगावहून नेरूळपर्यंत खास लोकल सोडल्या गेल्या. स्टेशन ते स्टेडियम ही वाट पायी जाणाऱ्यांची आहे आणि त्या वाटेवर आपले अनेक भाऊ चहा, बिर्याणी, टोप्या, रेनकोट विकून चार पैसे कमावू शकतात. पण सामन्याच्या दिवशी पोलीस त्यांना पहाटेच उठवतात, आणि मग ते संध्याकाळी चोरून नेमके जिन्याच्या तोंडाशी बसतात. यात पोलिसांचीही पंचाईत आणि विक्रेत्याचीही.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमण्याची तरतूद केली आहे. सामन्याची तारीख जाहीर होताच आपल्या विक्रेत्यांनी चार-पाच जणांनी मिळून त्या समितीकडे लेखी अर्ज द्यावा. मागणी स्पष्ट असावी: जिन्यापासून आणि फाटकापासून दूर, पण जिथे गर्दी थांबवून ठेवली जाते त्या पट्ट्याच्या कडेला, वाटेची रुंदी न खाता, एका दिवसापुरती जागा. अर्जासोबत हातानेच काढलेला नकाशा जोडावा आणि त्यात वाटेची मोकळी रुंदी मीटरमध्ये लिहावी. पोच घ्यायला विसरू नये. आणि सुट्टे पैसे बरोबर ठेवावेत. साठ हजारांच्या गर्दीत मोबाइलचे जाळे बसते, तेव्हा फोनवरून पैसे पाठवणारे गिऱ्हाईक हात हलवत निघून जाते.