चिठ्ठी पोचते ना!

परवा रविवारी दुपारी टीव्हीवर ‘हम आपके हैं कौन’ लागला होता. हा सिनेमा लागला की माझ्याच्याने चॅनल बदलवत नाही. सून शेजारी गवार मोडत बसली होती. दहा मिनिटं तिनं कसंबसं सोसलं आणि म्हणाली, “आई, ही माणसं सारखी एवढी आनंदात कशी हो? कुणाचं डोकंसुद्धा दुखत नाही!”

मी हसले. कारण याच सिनेमाबद्दल याहून अवघड प्रश्न मला एकदा विचारला गेला होता. विचारणारी होती माझी थोरली काकू.

सिनेमा आला तो ऑगस्ट १९९४ मध्ये. मारामारी नाही, खलनायक म्हणावा असा कुणी नाही. चौदा गाणी आणि साखरपुड्यापासून डोहाळजेवणापर्यंत एकामागून एक समारंभ. ‘लग्नाची कॅसेट आहे नुसती’ म्हणून नाकं मुरडणारेही होते. पण मुंबईच्या ‘लिबर्टी’त तो वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात माधुरी, रेणुका शहाणे, रीमा, लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे अर्धं घर आपलंच! काकू तेव्हा साठीची. पुण्याला दादाकडे आली होती. म्हटलं, हिला दाखवावा. देवाधर्माचं, भरल्या घराचं चित्र आहे, हिला आवडेल.

आमचं घरही भरलेलंच. वाईला वाडा, लहानमोठी बावीस माणसं. चैत्रात रामाचं नवरात्र, भाद्रपदात गौरी-गणपती, शिवाय बाराही महिने कुळधर्म, कुळाचार, आला-गेला. आम्हा मुलांना त्या घरानं काय दिलं नाही? सुंठवड्याची पुडी, झोपाळ्यावरची भांडणं, रात्री एका ओळीत घातलेल्या गाद्या. पुढे लग्न होऊन मी दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आले आणि सणाच्या दिवशी त्या वाड्याच्या आठवणीनं गलबलून यायचं. अंधारात पडद्यावर ते हसतंखेळतं घर पाहिलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. वाटलं, हेच तर आपण हरवून बसलो!

मध्यंतरात दिवे लागले. मी डोळे पुसत काकूकडे पाहिलं. ती समोशाची पुडी हातात घेऊन विचारात पडली होती.

“काय गं काकू?”

“अगं, यांच्याकडे भांडी कोण घासतं?”

“तो लल्लू आहे ना!” मी म्हटलं.

“एकटा? एवढ्या माणसांची?”

मला हसू आवरेना. पण त्या हसण्याबरोबर काहीतरी आत रुतलं. काकू पहाटे चारला उठायची. नवरात्रात ओलेत्यानं सोवळ्याचा स्वयंपाक. शिवाशीव होऊ नये म्हणून काठीनं उंच दांडीवर टाकलेली लुगडी. पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि दुपारी तीन वाजता बायकांची. तोवर भाजी संपलेली असे. त्या शेवटच्या पंगतीत पानावर काय पडत होतं, ते मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. माझ्या आठवणीतला वाडा पहिल्या पंगतीतून पाहिलेला होता!

सिनेमा पुढे सुरू झाला. थोरली बहीण जिन्यावरून पडून जाते. मागे तान्हं मूल. वडीलधारी ठरवतात, धाकटीनं मेव्हण्याशी लग्न करावं. तिला वाटतं, आपलं लग्न धाकट्या दिराशी, आपल्या आवडत्या माणसाशी ठरतंय. खरं काय ते कळतं पत्रिका हातात पडल्यावर.

इथे मला एकदम धस्स झालं. आपण हिला कुठे घेऊन आलो?

काकू ही आमच्या काकांची दुसरी बायको. पहिली काकू हिची सख्खी थोरली बहीण. ती बाळंतपणात गेली आणि अकरा दिवसांच्या दादासाठी धाकटी आमच्या घरात आली. साल १९५१, वय वर्षं सतरा. ‘हिनं बहिणीचं पोर आपलं केलं’ हे आमच्याकडे अभिमानानं सांगितलं जायचं. तिला कुणी विचारलं होतं का, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आणि आम्हीही विचारलं नाही.

सिनेमा संपल्यावर रिक्षात तिनं आपण होऊनच सांगितलं. “मला मॅट्रिकला बसायचं होतं गं. फॉर्मसुद्धा भरला होता.” मग थोडं थांबून हसली. “पण आमच्याकडे कुत्रं पाळायची रीत नव्हती ना!”

ज्यांनी सिनेमा पाहिलाय, त्यांना कळेल. त्यात टफी नावाचं कुत्रं धाकटीची चिठ्ठी नेमकी मोठ्या भावाकडे पोचवतं आणि सगळं सुरळीत होतं. राजश्रीवाल्यांनी हीच गोष्ट १९८२ साली ‘नदिया के पार’मध्येही सांगितली होती. ती मुळात केशवप्रसाद मिश्र यांची ‘कोहबर की शर्त’ ही कादंबरी. कादंबरीत मात्र धाकटीचं लग्न थोरल्या मेव्हण्याशीच होतं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे काकू जन्मभर दुःखीच होती तर. तसंही नाही. दादावर तिची माया खरी होती, रामावरची श्रद्धा खरी होती. पण तिचं समाधान कशात होतं, ते मला पुढे तिच्या म्हातारपणी कळलं. वाड्यात वर्तमानपत्र तिच्या हाती यायचं ते संध्याकाळी. सगळ्या पुरुषांचं वाचून झाल्यावर, चुरगळलेलं, कधी त्यात कुणीतरी शेंगा सोललेल्या. दादाच्या फ्लॅटमध्ये ती सकाळी सहाला गॅलरीत चहा घेऊन बसायची आणि दारात पडलेला पेपर पहिल्यांदा स्वतः उघडायची. कोरी घडी मोडताना तिचा चेहरा पाहण्यासारखा असे. “हे सुख बघ,” म्हणायची, “चहा गरम आणि पेपर कोरा!” २००९ मध्ये ती गेली, तोवर हा नेम चुकला नाही.

भरलं घर वाईट आणि दोघांचा ब्लॉक चांगला, असं मला म्हणायचं नाही. वाड्याची आठवण अजूनही येते. फक्त आता ती आली की शेवटची पंगतही दिसते.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी रिक्षातून उतरताना काकू म्हणाली, “पुन्हा नेशील का गं मला?”

मला नवल वाटलं. “एवढा आवडला?”

“त्यात शेवटी चिठ्ठी पोचते ना!”

परवा हे सगळं सुनेला सांगितलं. तिनं काही न बोलता टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. गवार तशीच राहिली. चिठ्ठी पोचेपर्यंत आम्ही दोघीही जागच्या उठलो नाही.