व्हायोलिनच्या गजावर जॅझ

जॅझ म्हटले की सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट आठवतात; व्हायोलिन सहसा आठवत नाही. मात्र मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद घेऊन आलेले लिऑन ॲबे हे व्हायोलिनवादकच होते. न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये १९२६ साली त्यांनी 'सॅव्हॉय बेअरकॅट्स'चे नेतृत्व केले होते. पुढे युरोपातही त्यांनी नाव कमावले.

तरीही जॅझमध्ये व्हायोलिन मागे पडले. कारण अगदी साधे होते. ध्वनिवर्धक सर्रास नसलेल्या त्या काळात पितळी वाद्यांच्या आणि ड्रमच्या गजरात व्हायोलिन ऐकूच येत नसे. नृत्यगृहातील श्रोत्यांना तर ताल आधी हवा असे.

या अडचणीवर पॅरिसमध्ये १९३४ साली उपाय निघाला. स्टेफान ग्रापेली आणि जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या 'हॉट क्लब'च्या पंचकाने व्हायोलिनचा आवाज वाढविण्याऐवजी भोवतालचा गोंगाटच काढून टाकला. ड्रम नाहीत, पितळी वाद्ये नाहीत. फक्त एक व्हायोलिन, तीन गिटार आणि डबल बास. दोन गिटारवादक निव्वळ ठेका धरत. तारा छेडून लगेच दाबल्या की निघणारा तुटक नाद ड्रमची उणीव भरून काढी. या चौकटीत ग्रापेलींचा गज मोकळा सुटला. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झालेल्या राइनहार्ट यांची गिटार त्याला तोडीस तोड उत्तर देई. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, ग्रापेली लंडनमध्येच राहिले आणि ही जोडी दुरावली.

मुंबईत असे पंचक रुजले नाही. वास्तविक व्हायोलिनवादकांची येथे वाण नव्हती. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. पण हॉटेलांच्या बँडमध्ये चलती होती ती सॅक्सोफोन-ट्रम्पेटची. व्हायोलिनला खरा आसरा दिला तो चित्रपटसृष्टीने, कारण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मायक्रोफोन होता. १९२७ साली माजोर्ड्यात जन्मलेले अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. 'अमर अकबर अँथनी'तील (१९७७) गाण्यात त्यांचे नाव गुंफून त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी जणू गुरुदक्षिणाच दिली.

ग्रापेलींचे सूर अखेर भारतीय व्हायोलिनशी जुळले ते १९८४ मध्ये, कर्नाटक शैलीतील एल. सुब्रमण्यम यांच्यासमवेतच्या 'कॉन्व्हर्सेशन्स' या ध्वनिमुद्रिकेत. तेव्हा ग्रापेलींनी पंचाहत्तरी ओलांडली होती.